वॉरंटी आहे ना, मग काळजी कसली?

“वॉरंटी आहे ना, मग काळजी कसली?” हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी ऐकले असेल. मिक्सर घेताना, मोबाईल घेताना, पंखा घेताना दुकानदार ते म्हणतो, आपण मान डोलावतो, आणि घरी आल्यावर ते कार्ड खोक्यात आणि खोके माळ्यावर जाते. २ सप्टेंबर २०२४ रोजी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, रत्नागिरीतल्या एका दुकानात मीही अशीच मान डोलावली होती. त्या मान डोलावण्याचा अर्थ मला पुढच्या पावसाळ्यात कळला. तो कळायला मला तीन महिने लागले. माझ्या मित्रमैत्रिणींना तो एका बैठकीत कळावा, एवढ्याचसाठी हा लेख.

मी काळबादेवीकडची. बाबा मिरकरवाडा बंदरातल्या एका बोटीवर खलाशी आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. लॅपटॉपची किंमत होती ३८,५०० रुपये. त्यातले २०,००० बाबांनी हंगाम सुरू होताना मालकाकडून घेतलेल्या उचलीतले, १०,००० आईने बचतगटातून काढलेले आणि ८,५०० माझे, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरून मिळवलेले. हे आकडे सहानुभूतीसाठी सांगत नाही. आपल्या वर्गातल्या निम्म्या यंत्रांमागे असाच काहीतरी हिशेब असतो, आणि म्हणूनच हमीचा कागद हा आपल्यासाठी किरकोळ कागद नव्हे.

८ जुलै २०२५ च्या रात्री लॅपटॉप बंद पडला. दिवा लागेना, आवाज येईना. सकाळी दुकानात गेले. दुकानदाराने अतिशय गोड शब्दांत सांगितले, “ताई, आमचा संबंध बिलापुरता. वॉरंटी कंपनीची. तुम्हाला सर्व्हिस सेंटरलाच जावं लागेल.” त्या कंपनीचे सर्वांत जवळचे अधिकृत केंद्र कोल्हापूरला होते.

हमी म्हणजे नेमके काय?

येथे थोडे थांबून शब्दांचा अर्थ पाहिला पाहिजे. ‘गॅरंटी’ म्हणजे वस्तू बदलून मिळते आणि ‘वॉरंटी’ म्हणजे दुरुस्त करून मिळते, असे बाजारात समजले जाते. वस्तुतः इंग्रजीतले हे दोन्ही शब्द एकाच जुन्या शब्दाची दोन रूपे आहेत, आणि कायद्याने त्यांच्यात असा भेद केलेला नाही. १८७२ च्या करार कायद्यात ‘गॅरंटी’ म्हणजे एकाच्या कर्जाला दुसऱ्याने जामीन राहणे. १९३० च्या मालविक्री कायद्यात भेद आहे तो निराळाच. विक्रीच्या मुख्य हेतूशीच निगडित असलेले कलम म्हणजे ‘अट’. ती मोडली, तर खरेदीदार व्यवहारच मोडू शकतो. मुख्य हेतूला जोडून आलेले दुय्यम वचन म्हणजे ‘वॉरंटी’. ते मोडले, तर नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून माल परत करता येत नाही.

आपल्या हातात येणारे वॉरंटी कार्ड ही तिसरीच गोष्ट. ते उत्पादकाने आपणहून दिलेले लेखी वचन असते, आणि त्या वचनाच्या मर्यादा त्यानेच लिहिलेल्या असतात. म्हणून ते वाचायला हवे. मी ते ८ जुलैनंतर प्रथम वाचले. त्यात मला पाच गोष्टी सापडल्या.

पहिली, मुदत. माझी हमी एक वर्षाची होती. परंतु कंपनीच्या संकेतस्थळावर यंत्राचा क्रमांक घातला, तेव्हा मुदत २८ जून २०२५ लाच संपल्याचे दिसले. माझ्या पोटात गोळा आला. कारण कळले ते असे : माल कारखान्यातून दुकानाकडे निघाला त्या दिवसापासून कंपनीच्या यंत्रणेने मोजायला सुरुवात केली होती. बिल दाखवल्यावर ती तारीख दुरुस्त झाली. ते बिल आईने रेशनकार्डाच्या डब्यात जपून ठेवले होते. आईला ते वाचता येत नाही. पण पैसे दिल्याचा कागद टाकायचा नसतो, हे तिला माझ्याहून चांगले कळते. येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. आजकाल बिले उष्णतेने छापल्या जाणाऱ्या गुळगुळीत कागदावर मिळतात. वर्षभरात अक्षरे पुसट होतात. त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी.

दुसरी, जागा. काही हमींमध्ये तंत्रज्ञ घरी येतो. काहींमध्ये यंत्र केंद्रावर नेऊन द्यावे लागते. माझी दुसऱ्या प्रकारची होती. शहरात राहणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. रत्नागिरीकराला मात्र तो पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर असा एस.टी.ने मोजावा लागतो. एका वेळचे चार तास.

तिसरी, सुट्या भागांची मुदत. बॅटरीसारख्या भागाची हमी यंत्राच्या हमीपेक्षा निराळी आणि बहुधा कमी असू शकते. चौथी, अपवाद. यंत्र पडणे, पाणी सांडणे, विजेचा दाब अचानक वाढणे, बाहेरच्या माणसाकडून उघडले जाणे. यांपैकी काही झाले, तर हमी लागू नाही. आणि पाचवी, जी मी वाचूनही मनावर घेतली नाही : यंत्रात साठवलेल्या मजकुराची कोणतीही हमी नाही.

एक सही

१४ जुलैला मी आणि बाबा कोल्हापूरला गेलो. १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारीबंदी असते, त्यामुळे बाबा मोकळे होते. घाटात धो धो पाऊस होता. बाबांनी लॅपटॉपची पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सगळा वेळ मांडीवर धरली होती.

केंद्रात नंबर लागायला दुपार झाली. काउंटरवरच्या मुलाने यंत्र उलटसुलट पाहिले, संगणकावर काही टिपले आणि एक छापील कागद पुढे केला. हे जॉबशीट. दोन पाने, बारीक इंग्रजी. बाबा म्हणाले, “वाचलंस ना? मग कर सही.” परतीची गाडी चुकेल अशी भीती होती, मागे रांग होती, आणि खरे सांगायचे तर, बाबांसमोर इंग्रजी वाचायला वेळ लागतो हे दिसू नये, असेही मनात होते. मी वरवर नजर फिरवली, “हो” म्हटले आणि सही केली.

३१ जुलैला फोन आला. “मॅडम, तुमची केस सी.आय.डी. आहे.” क्षणभर मला दूरदर्शन संचावरची मालिकाच आठवली. सी.आय.डी. म्हणजे ‘ग्राहकाने केलेले नुकसान’, हे मग समजले. यंत्रात पाणी गेले होते म्हणे. म्हणून वॉरंटी नाही. मदरबोर्ड बदलावा लागेल, १९,८०० रुपये.

५ ऑगस्टला मी एकटीच पुन्हा कोल्हापूरला गेले. पाणी सांडलेलेच नाही, असे परोपरीने सांगितले. केंद्रातल्या गृहस्थांनी शांतपणे माझेच जॉबशीट काढून समोर ठेवले. ‘यंत्राची स्थिती’ या रकान्यात ‘द्रव पदार्थाचा संशय’ असे लिहिले होते, आणि खाली ‘वरील नोंदी वाचल्या व मान्य आहेत’ या वाक्याखाली माझी वळणदार सही होती. त्यांच्याशी वाद घालायला माझ्याजवळ काहीच उरले नाही. कॉलेजात मी कवितेच्या एका ओळीचे चार अर्थ सांगते. पण घरातले ३८,५०० रुपये ज्या कागदावर होते, तो कागद मी वाचला नव्हता. परतीच्या चार तासांत मला कंपनीचा जितका राग आला, त्याहून अधिक स्वतःचा आला. बाबांना मात्र मी त्या सहीविषयी त्या दिवशी काही सांगितले नाही.

खारा वारा आणि लाल पट्टी

पाणी सांडले नव्हते, तर मग ‘द्रव’ आला कुठून? याचा शोध घेताना मला आपल्याच गावाची हवा नव्याने समजली.

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जुलैत सकाळची सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. किनाऱ्यावरच्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि मीठमिश्रित ओलावा वीज वाहून नेतो. मदरबोर्डवर तांब्याचे अतिशय बारीक मार्ग असतात. त्यांच्यावर असा थर बसला आणि त्यातून वीज वाहिली, की तांबे खाल्ले जाते व हिरवट डाग पडतात. आपल्या घरांतल्या खिळ्यांचे, बिजागऱ्यांचे आणि सायकलींचे जे होते, तेच येथे होते. फक्त खिळा जाड असतो आणि तांब्याचा हा मार्ग केसाहून बारीक.

बऱ्याच यंत्रांत कंपन्या एक छोटी पांढरी चिकटपट्टी लावून ठेवतात. तिला प्रत्यक्ष पाणी लागले, की ती लाल होते. पाणी सांडले आणि ग्राहक नाकारत असला, तर ती साक्ष देते. नुसत्या दमट हवेने सहसा ती लाल होत नाही. म्हणजे डाग आणि पट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डाग सांगतो की गंज आहे. पाणी सांडले होते की नाही, हे पट्टी सांगते.

यातून एक मोठा प्रश्न निघतो. जी कंपनी रत्नागिरीत यंत्र विकते, तिला रत्नागिरीची हवा ठाऊक असायला नको का? १९३० च्या कायद्यातील १६ व्या कलमानुसार, अशा मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे. किनाऱ्यावर राहणे म्हणजे यंत्राचा गैरवापर नव्हे. अर्थात हा माझा युक्तिवाद आहे. तो आयोगापुढे मांडायचा, तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

कागदाला उत्तर कागदानेच

मी हे सगळे आमच्या एका सरांना सांगितले. सर म्हणाले, “तू आतापर्यंत फक्त बोलली आहेस. बोललेलं वाऱ्यावर जातं. लिही.”

१९ ऑगस्टला मी कंपनीला पत्र लिहिले. ते ई-मेलने पाठवले आणि प्रत स्पीड पोस्टाने. त्यात रडगाणे नव्हते, फक्त तारखा आणि तीन प्रश्न होते. द्रव नेमका कोठे आढळला? त्याची छायाचित्रे कोठे आहेत? हमीच्या कोणत्या कलमाखाली दुरुस्ती नाकारली? उत्तरासाठी १५ दिवस दिले. जॉबशीटवरची सही माझीच आहे, परंतु ‘संशय’ म्हणजे निदान नव्हे, हेही लिहिले. १ सप्टेंबरला हमीची मुदत संपली. तरीही यंत्र त्याआधीच जमा केलेले असल्यामुळे माझा हक्क संपला नव्हता. दुरुस्तीला उशीर केंद्राकडून झाला, तर त्याने ग्राहकाची हमी सरत नाही. मात्र यंत्र कधी दिले, याचा कागद हवा. ज्या जॉबशीटने मला अडकवले होते, त्यानेच येथे मला वाचवले.

१५ दिवसांत उत्तर आले नाही. ३ सप्टेंबरला मी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन केला. तेथे मराठीतूनही बोलता येते. ही हेल्पलाईन न्यायालय नव्हे. तिला कंपनीवर हुकूम करता येत नाही. ती तक्रार नोंदवून क्रमांक देते आणि कंपनीच्या जबाबदार माणसापर्यंत पोचवते. पण काउंटरवरच्या मुलापलीकडे आपला आवाज जाणे, हीच सामान्य ग्राहकाची पहिली अडचण असते.

१५ सप्टेंबरला कंपनीकडून चार छायाचित्रे आली. दोन हिरवट डाग होते, एका बाजूच्या खाचेजवळ. या वेळी मी घाई केली नाही. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या संगणकावर ती चित्रे मोठी करून इंच इंच पाहिली. तिसऱ्या चित्राच्या कोपऱ्यात ती चिकटपट्टी होती. पांढरी!

मी एवढेच लिहून कळवले : “आपण पाठवलेल्या तिसऱ्या छायाचित्रातील पट्टी कृपया पाहावी.” २६ सप्टेंबरला उत्तर आले. ‘सद्भावना म्हणून, अपवादात्मक बाब समजून’ मदरबोर्ड विनामूल्य बदलण्यात येईल. चूक झाली, असे त्यात कोठेही नव्हते. १३ ऑक्टोबरला लॅपटॉप हातात आला. दिल्यापासून ९१ व्या दिवशी.

कायदा कोठवर साथ देतो?

मला आयोगाकडे जावे लागले नाही. पण जावे लागले असते, तर काय झाले असते, याची माहिती मी काढली होती. ती अनेकांना उपयोगी पडेल.

आपल्याकडे ग्राहक चळवळ जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा ग्राहकासाठी स्वतंत्र कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. २४ डिसेंबर १९८६ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून हा दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्याची जागा घेणारा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातला एक बदल आपल्यासारख्यांना फार मोलाचा आहे. पूर्वी तक्रार बहुधा समोरचा पक्ष जेथे असेल किंवा व्यवहार जेथे घडला असेल, तेथे करावी लागे. आता ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे कोल्हापूर नको, बंगळूर नको. रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग पुरे.

वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे, असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलण्याचा, पैसे परत करण्याचा किंवा भरपाई देण्याचा आदेश देऊ शकतो. वस्तूची तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत आणि लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. कंपन्यांना हे माहीत असते, आणि आपण कंटाळू, हेही माहीत असते. ग्राहकाचा कंटाळा हा त्यांच्या हिशेबातला एक जमेचा भाग असावा, असे मला कधीकधी वाटते.

यंत्र दुरुस्त करून मिळणे हा हक्क मानावा, असा विचारही आता जगभर होत आहे. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये याविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या ग्राहक दिनी ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये याबाबत निर्देश संमत केला. छत्रीपासून बोटीच्या इंजिनापर्यंत सगळे दुरुस्त करून वापरणाऱ्या आपल्या कोकणाला या कल्पनेत नवीन काही वाटू नये.

जमाखर्च

आता माझा जमाखर्च. १९,८०० रुपये वाचले. तीन फेऱ्या, झेरॉक्स आणि टपाल मिळून २,१०० रुपये गेले. बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट असते म्हणून इतकेच. आणि एक गोष्ट गेली, जिची किंमत कोणत्याही जॉबशीटवर नव्हती.

मराठी विभागाच्या प्रकल्पासाठी मी बाबांकडून आणि त्यांच्या सोबत्यांकडून दर्यावरचे शब्द गोळा केले होते. तांडेल, रापण, डोल, मतलई. जाळ्यांची, वाऱ्यांची, होडीच्या भागांची नावे. अर्थासह सुमारे तीनशे शब्द लॅपटॉपवर टंकलेले होते. परत आलेले यंत्र कोरे होते, सगळे नव्याने भरलेले. पाचवे कलम! हमी यंत्राची होती, माझ्या शब्दांची नव्हती. हाताने लिहिलेल्या वहीत १८० शब्द होते, ते वाचले. उरलेले मी पुन्हा विचारायला बसले आहे. म्हणून मित्रांनो, यंत्र चालू आहे तोवरच मजकुराची दुसरी प्रत काढून ठेवा.

लॅपटॉप घरी आला, त्या रात्री मी बाबांना त्या सहीविषयी सांगितले. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मला वाटलं, शिकलेली माणसं नुसती नजर टाकली की वाचतात.”

त्या वाक्याने मला बरेच काही शिकवले. आपल्यापैकी जे घरातले पहिले शिकणारे आहेत, त्यांच्यावर सगळे घर डोळे मिटून भिस्त ठेवते. बँकेचा कागद, दवाखान्याचा कागद, कर्जाचा कागद, सगळे आपल्यापुढे येतात, आणि “वाचलंस ना?” एवढाच प्रश्न येतो. त्याला खोटे “हो” म्हणणे फार सोपे असते. “थांबा, मला वाचायला वेळ लागेल,” असे रांगेत उभे राहून म्हणणे अवघड असते. पण त्यात लाजण्यासारखे काही नाही.

परवा बाबांच्या विम्याचा एक कागद आला. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला, पण नेहमीचा प्रश्न विचारला नाही. जवळ बसले आणि म्हणाले, “मोठ्यानं वाचून दाखव.”

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला